पाणी कुठे हवं, कुठे नको

गाडीचं इंजिन स्वतःचं पाणी सोबत घेऊन फिरतं. रेडिएटर, होज आणि पंप यांच्यात तेच ते पाणी घुमत राहतं, बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध येत नाही. होडीच्या पाठीला अडकवलेल्या छोट्या आउटबोर्ड मोटरचं तसं नसतं. ज्या पाण्यात ती पाय बुडवून उभी असते तेच पाणी ती खालून ओढते, डोक्यापर्यंत चढवते, तापलेल्या सिलिंडरांभोवती फिरवते आणि परत सोडून देते. आणि तेच पाणी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरात शिरलं तर मोटर बंद पडते, गिअरच्या पेटीत शिरलं तर बेअरिंगांना गंज चढतो, सिलिंडरात शिरलं तर सगळ्याच कष्टांवर पाणी पडतं. अर्ध्या मोटरला जे सतत हवं असतं, ते उरलेल्या अर्ध्या मोटरला अजिबात खपत नाही. या दोन अर्ध्यांच्या मध्ये काही ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं पॅकिंग असतं, काही ठिकाणी नुसतं रबराचं सील. अशी मोटर घरी उघडून पुन्हा जोडायची म्हणजे या भिंती एकेक करून पुन्हा उभ्या करायच्या. मला या कामात जो आनंद मिळतो तो बराचसा याच विचाराचा आहे.

माझ्याकडे आलेली मोटर दोन सिलिंडरची, दोन स्ट्रोकची, एका माणसाला उचलता येईल एवढी. ओळखीच्या घरी ती बरीच वर्षं पडून होती. दोरी ओढल्यावर ती सुरू व्हायची. पण मागच्या बाजूच्या भोकातून पाण्याची जी बारीक धार पडायला हवी ती पडत नव्हती. थंड करणारं पाणी वरपर्यंत पोचतंय, याची ती धार ही एकमेव उघड खूण. धार नसेल तर इंजिन कितीही गोड चालत असलं तरी लगेच बंद करायचं. मी केलं, आणि पाने काढले.

पाणी वर कसं चढतं ते समजायचं तर मोटरची ठेवण डोळ्यांसमोर हवी. वर सिलिंडर आडवे झोपवलेले, त्यामुळे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, क्रँकशाफ्ट, उभा. त्याच्या माथ्यावर फ्लायव्हील, म्हणजे जड चाक. खालच्या टोकाला लांब दांडा जोडलेला, तो सरळ पाण्याखाली उतरतो आणि तिथल्या दातेरी चक्रांतून काटकोनात वळून पंखा फिरवतो. ही ठेवण शंभर वर्षांहून जुनी आहे. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये विकायला काढलेल्या मोटरचा सांगाडा हाच होता: एक सिलिंडर, दीड अश्वशक्ती, वजन साधारण २८ किलो. होडीला बाहेरून मोटर लावण्याची कल्पना त्याच्या आधी इतरांनाही सुचली होती, डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने तशा मोटारी विकल्याही होत्या. पण एव्हिनरूडची मोटर टिकाऊ होती आणि त्याच्या बायकोला, बेसला, ती लोकांपर्यंत पोचवता आली. वल्ही मारणं सोडा, ती फेकूनच द्या, अशी जाहिरात तिने लिहिली होती. आज माझ्यासमोर उघडी पडलेली मोटर त्या पहिल्या मोटरपेक्षा कितीतरी सुधारलेली आहे, तरी एव्हिनरूडला ती कुठून उघडायची हे विचारावं लागलं नसतं.

पंप असतो गिअरच्या पेटीच्या माथ्यावर, त्या उभ्या दांड्याभोवतीच बसवलेला. म्हणून तिथवर पोचायला मोटरचा अख्खा पाय उतरवावा लागतो. पंपाचं घर उघडलं की आत रबराचा इम्पेलर दिसतो. मधला गोल दांड्यावर बारीक किल्लीने (खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्याने) पक्का झालेला, भोवती सहा पाकळ्या. घर मुद्दाम एका बाजूला सरकवून बसवलेलं असतं, त्यामुळे पाकळ्या एका बाजूला दबतात आणि दुसऱ्या बाजूला मोकळ्या होतात. मोकळं होताना पाणी आत घेतात, दबताना पुढे ढकलतात. यात वाल्व नाही, स्प्रिंग नाही. रबराचं वाकणं एवढंच या यंत्राचं भांडवल. कोरडा फिरवला तर हाच इम्पेलर काही सेकंदांत घासून जळतो, कारण त्याला थंड ठेवणारं आणि घसरू देणारं पाणीच तिथे नसतं. नुसता पडून राहिला तरी दबलेल्या पाकळ्या तशाच आखडतात आणि रबर कडक होतं.

या इम्पेलरच्या सहापैकी दोन पाकळ्या बुडापासून तुटल्या होत्या. इथे नवा इम्पेलर बसवून पाय परत चढवायचा मोह कुणालाही होईल, पण मग तुटलेल्या पाकळ्या गेल्या कुठे हा प्रश्न आतच राहतो. त्या पाण्याबरोबर वर गेल्या असणार, आणि वर वाटा अरुंद होत जातात. पंपाच्या तांब्याच्या नळीत फुंकर मारली, हवा आरपार गेली. नळीच्या वरच्या तोंडाशी एक तुकडा मिळाला. बाकीचे मिळेपर्यंत मला स्वस्थता नव्हती. सापडलेले तुकडे पांढऱ्या कागदावर जुन्या इम्पेलरच्या शेजारी मांडत गेलो. एक पाकळी पूर्ण जमली, दुसरीचा मोठा भाग कमी होता. तो सिलिंडरच्या हेडखाली, म्हणजे झाकणाखाली, थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी असणार हे उघड होतं. म्हणजे हेड काढायला हवं.

आणि हेड काढायचं म्हणजे बोल्ट. या कामातला सगळ्यात अवघड भाग कोणता असं कुणी विचारलं तर मी बोल्टच सांगेन. पहिल्या मोटारी लोखंड-पितळेच्या आणि जड असत. खुद्द एव्हिनरूडनेच पुढे १९२१ च्या सुमारास अॅल्युमिनियम वापरून दोन सिलिंडरची हलकी मोटर काढली आणि मग सगळेच त्या वाटेने गेले. वजन उतरलं, पण अॅल्युमिनियमच्या अंगात स्टेनलेसचे बोल्ट आणि भोवती खारं पाणी ही जोडी वाईट. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्याने जोडले गेले की बारीकशी बॅटरीच तयार होते आणि झिजायची पाळी अॅल्युमिनियमवर येते. झिजेतून होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, ती आट्यांमध्ये भरते आणि बोल्टला आवळून धरते. म्हणून मोटरच्या पायाला जस्ताचा तुकडा लावलेला असतो: झिजायचं ते त्याने झिजावं. त्या तुकड्यावर रंग फासलेला मी अनेक मोटारींवर पाहिलाय. रंगाखाली झाकलेलं जस्त कुणालाच वाचवू शकत नाही.

जाम बोल्टवर जोर उपयोगाचा नसतो. बोल्टचं डोकं तुटून हातात येतं आणि बाकीचा दांडा भोकात राहतो. तिथून पुढे ड्रिल करणं, मध्य साधणं, आटे वाचवणं हा सगळा जीवघेणा खटाटोप. त्यापेक्षा आधी आत शिरणारं तेल सोडायचं आणि विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी बोल्टच्या डोक्यावर हलके, सरळ टोले. मग ऊब. तापल्यावर अॅल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत साधारण २३ भाग फुगतं, स्टेनलेस स्टील साधारण १६-१७. बोल्टपेक्षा भोक जास्त रुंदावतं, ते याच फरकामुळे. गरम हवेची बंदूक पुरते. ज्योत वापरायची तर पेट्रोलची टाकी, नळी आणि कार्ब्युरेटर आधी दूर गेलेले हवेत, याबाबतीत तडजोड नाही. बोल्ट किंचित सैल झाला की लगेच उलटा फिरवून संपवायचा नाही. पुन्हा थोडा आवळायचा, पुन्हा सैल करायचा, म्हणजे भुकटी तुटत जाते. एकदा तो कर्र आवाज करून सुटतो तेव्हा खांद्यांतला ताण एकदम उतरतो. या हेडचे सगळे बोल्ट अखंड निघाले याचं मला आजही समाधान आहे.

हेडखाली जे दिसलं त्याने सगळी गोष्ट उलगडली. उरलेला रबराचा तुकडा थर्मोस्टॅटच्या तोंडाशी अडकलेला होता. पाण्याच्या वाटांमध्ये क्षारांचा राखाडी थर चढला होता. आणि वरच्या सिलिंडरजवळ, पाण्याची वाट आणि सिलिंडर यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर, पॅकिंग काळं पडून फाटायला लागलं होतं. ती भिंत अजून पूर्ण पडली नव्हती. आणखी थोडं चाललं असतं तर पाणी थेट सिलिंडरात उतरलं असतं. समुद्रात चालणाऱ्या मोटारींचे थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांना उघडतात, गाडीच्या मानाने फार लवकर, कारण जास्त तापलेल्या धातूवर खाऱ्या पाण्यातले क्षार भराभर थर धरतात. पाणी अडलं की तापमान वाढतं, तापमान वाढलं की क्षार जमतात, क्षार जमले की वाट आणखी अडते. तो थर लाकडी काडीने खरवडला, उरलेला पातळ व्हिनेगरने सोडवला आणि भरपूर पाण्याने धुतला. हेडचा सपाटपणा पाहायला जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यावर हेड आठच्या आकड्यासारखं फिरवलं. जिथे चकाकी येत नाही तिथे खोलगट. सगळीकडे एकसारखी चकाकी आली की थांबायचं.

क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीचं घर, मी उघडला नाही. हेड काढण्याआधी दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आत किती दाब तयार करतो ते, मोजलं होतं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, आणि दोन्हींतला फरक दहा टक्क्यांच्या बराच आत होता. हेड निघाल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडेही दिसले नाहीत. दोन स्ट्रोकच्या इंजिनात क्रँककेस म्हणजे नुसतं आवरण नसतं. पिस्टन वर जाताना क्रँककेस हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढतो, खाली येताना तेच दाबून सिलिंडरात पाठवतो. त्याचे दोन भाग एकत्र ठेवूनच बेअरिंगांची भोकं कोरलेली असतात, म्हणून ते एकमेकांचेच असतात. जे नीट बसलेलं आहे ते उगाच सोडवणं याला मी दुरुस्ती म्हणत नाही. मिश्रण एकाच दिशेने जाऊ देणारे, पोलादी पातळ पात्यांचे रीड वाल्व मात्र काढून उजेडासमोर धरले. पात्याखालून उजेड दिसला नाही, परत बसवले.

आता पाणी थोडं बाजूला ठेवून ठिणगीकडे. फ्लायव्हीलखाली जुन्या पद्धतीचे कॉन्टॅक्ट पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे विजेचे संपर्क, होते. फ्लायव्हीलच्या कडेला धरून ओढायचं नाही आणि हातोडीने ठोकायचं तर मुळीच नाही, आतले चुंबक सैल होतात किंवा तडकतात. फ्लायव्हीलला आट्यांची तीन भोकं असतात ती पुलर या ओढून काढायच्या अवजारासाठीच. क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर फ्लायव्हील घट्ट बसतं ते त्या निमुळतेपणाच्या पकडीमुळे. मधली छोटी किल्ली फक्त जागा दाखवते. अनेकांना वाटतं किल्लीच सगळा भार पेलते, आणि मग निमुळत्या भागाला तेल लावून नट सैलसर सोडला जातो. किल्ली कापली जाते, फ्लायव्हील जरासं सरकतं, ठिणगी चुकीच्या वेळी पडते आणि माणूस कार्ब्युरेटरला दोष देत बसतो. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडे हवेत. पॉइंटमधली फट साधारण अर्ध्या मिलिमीटरची, फीलर गेजने मोजलेली, आणि शेवटी पॉइंटमधून कोरा कागद ओढून तेलाचा अंश पुसलेला. मिनिटाला ५००० फेऱ्या म्हणजे प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला ८३ वेळा ठिणगी. एवढ्या घाईत त्या अर्ध्या मिलिमीटरला किती महत्त्व आहे हे मनात आणलं की हात आपोआप सावकाश चालतो.

कार्ब्युरेटरबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. उडून गेलेल्या पेट्रोलचा चिकट थर, बंद झालेलं जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक), नवी सुई, नवं पॅकिंग. एवढंच सांगतो की पितळी जेटमध्ये पोलादी तार घालू नका. डोळ्याला कळणारही नाही अशा बेताने भोक मोठं होतं आणि मोटर कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. पेट्रोलच्या जुन्या नळ्याही बदलल्या, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने त्यांचं रबर आतून मऊ पडलं होतं.

जोडणी सुरू झाली की मला घाई सुचत नाही. उघडताना यंत्र स्वतःच वाट दाखवत असतं, पुढचा बोल्ट समोर असतो. जोडताना मात्र पाच पायऱ्या पुढचा विचार आधी करावा लागतो. हेडचं नवं पॅकिंग बसवलं. त्याच्या भोकांचा आणि पाण्याच्या वाटांचा मेळ बोट फिरवून पुन्हा तपासला, कारण पॅकिंग उलटं बसतं तेव्हाही बोल्ट बिनतक्रार आत जातात. बोल्टांच्या आट्यांना जाम न होऊ देणारी पेस्ट. आवळणी मधल्या बोल्टपासून बाहेर, समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन टप्प्यांत, आवळणीचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने, त्या मोटरच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत. हाताच्या अंदाजावर माझा विश्वास आहे, पण अॅल्युमिनियमच्या आट्यांच्या बाबतीत तो आकड्यापुढे मान तुकवतो. सांध्यांवर सिलिकॉन थापायची सवयही मला पटत नाही. बाहेर आलेली जादा रेघ दिसते, पुसता येते. आत गेलेली तितकीच रेघ दिसत नाही, आणि ती पाण्याच्या वाटेत सुटून रबराच्या तुकड्याचंच काम करते.

नवा इम्पेलर साबणाच्या पाण्याने ओला केला आणि दांडा ज्या दिशेने चालतो त्याच दिशेने, वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे, फिरवत घरात बसवला. पाकळ्या सगळ्या एका बाजूला कलल्या पाहिजेत. खालची पोलादी पट्टीही बदलली, जुन्या पट्टीवर पाकळ्यांनी चरे पाडले होते. मग पाय वर चढवायचा. इथे दोन माणसं असली तर बरं. एकाच वेळी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: दांड्याचे दाते क्रँकशाफ्टमध्ये, पाण्याची नळी पंपाच्या रबरी तोंडात, आणि गिअर बदलणारी सळी तिच्या जागी. दाते जुळेनात तर फ्लायव्हील किंचित फिरवायचं, जोर लावायचा नाही. दांड्याच्या दात्यांना ग्रीस लावायचं, पण माथ्यावर लावायचं नाही, कारण तिथे कोंडलेलं ग्रीस दांड्याला पूर्ण वर चढू देत नाही आणि बोल्ट आवळले की तो दाब बेअरिंगांवर येतो. नळी तोंडात न जाता बाजूला उभी राहिली तर सगळं बाहेरून अगदी व्यवस्थित दिसतं आणि धार तेवढी पडत नाही. म्हणून पाय चढताना मी टॉर्च लावून ती नळी पाहत राहतो.

गिअरच्या पेटीतलं जुनं तेल दुधाळ निघालं होतं. म्हणजे तिथेही पाणी शिरत होतं. पंख्याच्या मागे, सीलपाशी, मासेमारीच्या नायलॉन दोरीचा गुंता सापडला. ती दोरी शाफ्टवर गुंडाळत जाते आणि सीलची कड कापते. सील बदललं, स्क्रूंचे वॉशर बदलले. तेल खालच्या भोकातून वर भरायचं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा आत कोंडते. आणि बंद करताना आधी वरचा स्क्रू, मग खालचा.

हे सगळं चालू असताना एक प्रश्न मला सोडत नाही, आणि तो झाकून लिहिणं बरोबर वाटत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या दोन स्ट्रोक मोटारीत नवं मिश्रण सिलिंडरात शिरतं तेव्हा धूर बाहेर जायची वाटही उघडीच असते. त्यामुळे इंधनाचा पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, न जळता धुराबरोबर बाहेर जातो, आणि तो धूर पाण्यात सुटतो. अमेरिकेने १९९६ मध्ये या मोटारींसाठी प्रदूषणाचे नियम केले ते याचमुळे, आणि पुढे थेट इंधन फवारणारी आणि चार स्ट्रोकची इंजिनं आली. मग जुनी मोटर दुरुस्त करणं योग्य का? रोज तासन्‌तास चालणारी असती तर मी नाही म्हटलं असतं. वर्षात मोजके तास चालणाऱ्या, नीट जुळवलेल्या मोटरला मोडीत काढून नवी घडवण्यातही धातू आणि ऊर्जा जाते, म्हणून मी ती ठेवतो. पण काही अटींवर: पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच तेल, म्हणजे माझ्या मोटरला ५० ला १, दहा लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर, आणि पाण्यावरच्या मोटारींसाठीचं टीसी-डब्ल्यू३ तेल. भीतीपोटी जादा तेल घालणाऱ्यांशी मी वाद घालतो, कारण तेल वाढलं की त्याच वाटेने येणारं पेट्रोल कमी होतं, आणि जास्तीचं तेल प्लग काळे करून शेवटी पाण्यातच जातं. पिण्याच्या पाण्याच्या तलावात ही मोटर मी उतरवणार नाही. तिथे हातच बरे.

पहिली चाचणी पिंपात. पाण्याची पातळी पंपाच्या वर हवी, मोटर घट्ट बांधलेली हवी आणि जागा मोकळ्या हवेतली हवी, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब कडक होईपर्यंत दाबला, चोक ओढला, दोरी ओढली. इंजिन पकडल्यावर मी त्याच्या आवाजाकडे लक्षच दिलं नाही. नजर त्या भोकावर होती. आधी हवेचे फुसकारे आले, मग थुंकल्यासारखं पाणी, आणि मग धार. पिंपातलं पाणी लवकर तापतं, म्हणून फार वेळ चालवलं नाही. पूर्ण गार झाल्यावर पुस्तिकेप्रमाणे हेडचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासले.

पाण्यावरच्या पहिल्या फेरीनंतर गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू किंचित सैल करून तेलाचा थेंब बोटावर घेतला. तेल स्वच्छ होतं, दुधाची छटा नव्हती. सील धरलंय. मग मोटर गोड्या पाण्याने आतून धुतली, कार्ब्युरेटरातलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवली आणि उभीच टांगली, म्हणजे उरलेलं पाणी खाली गळून जातं. आडवी ठेवली तर पायातलं पाणी उलटं सिलिंडरांकडे जाऊ शकतं.

आता ती होडीवर जाते तेव्हा सोबत एक छोटी पिशवी असते: पंख्याच्या दोन जादा शिअर पिना (पंखा अडकला तर आधी तुटून बाकीचं वाचवणाऱ्या), दोन प्लग, पाना, पक्कड, सुरू करायची दोरी तुटली तर फ्लायव्हीलला गुंडाळायला एक दोरी. बंद करायच्या बटणाची दोरी मनगटाला. आणि बेस एव्हिनरूडने जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, दोन्ही वल्ही होडीतच असतात.